दर पाडायला केलेला फोन

मी गाव सोडलं तेव्हा एसटी वीस मिनिटं आमच्यामुळे खोळंबली होती. कारण होतं आईचं हाताने फिरवायचं शिलाई मशीन. लग्नाला महिना झाला होता. हे चिंचवडला एका कंपनीत फिटर होते, कासारवाडीत एक खोली मिळाली होती, आणि मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या आमच्या वाडीतून मी पहिल्यांदा घाट चढणार होते. आईने आपलं मशीन मला दिलं. कंडक्टर म्हणाला, ह्याचं लगेज तिकीट काढा. बाबा म्हणाले, लगेज कसलं, चेडवाच्या मांडीवर बसतला ता.

वाद रंगला. "नको तर उतरवतंय मगे," असं बाबा तीन वेळा म्हणाले आणि तिन्ही वेळा त्यांनी मशीनला हातसुद्धा लावला नाही. शेवटी ड्रायव्हरच कंटाळला आणि त्याने गाडी सुरू केली. सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. मला इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर पाहिलंच नाही. आई स्टॉपवर उभी होती. तिने हात केला असणार. कोल्हापूर येईपर्यंत माझ्या मांड्या बधिर झाल्या होत्या आणि मी मनातल्या मनात बाबांवर चिडलेली होते.

पुढे बाबांच्या त्या अडून उभं राहण्यावरच माझं पोट भरलं. "पयलो भाव समोरच्याचो, निघतानाचो भाव आपलो," असं ते म्हणायचे. कासारवाडीच्या खोलीत मी त्या मशीनवर सुती हातमोजे शिवायला घेतले. रेल्वे गेली की खोली हलायची, सुई चुकायची. ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा मी भोसरीच्या वर्कशॉपमधून पिशवी घेऊन हिंडत होते. आता चाकणला शेड आहे, चौदा बायका काम करतात, हातमोजे, अ‍ॅप्रन, बॉयलर सूट सगळं जातं. कंपन्यांच्या पर्चेसमधली पोरं मला घाबरतात, हे मला माहीत आहे. "मॅडम, बसा तर," म्हणतात. मी बसत नाही. बसलं की दर पडतो.

मी भांडकुदळ आहे असं थेरगावात आमच्या सोसायटीत म्हणतात. म्हणोत. गाववाल्यांनो, तुमच्यातले जे गावी राहिले त्यांना वाटतं, आम्ही इकडे येऊन मोठे झालो आणि तुम्हाला विसरलो. जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना विचारा. भाजी घेताना डांगे चौकात कुणी "गो बाय" म्हटलं तर मान अजून आपोआप वळते. खारी हवा नाही, तर अंगावरचा घाम वाळतो कसा, याचंच मला पहिली दोन वर्षं नवल वाटायचं. आमच्याकडे घाम वाळत नाही. तो समुद्र आठवायचा असला तर मी मिठाच्या बरणीत बोट घालायचे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता मुलीचं सांगते. अश्विनी सत्तावीस वर्षांची आहे, चाकणलाच एका कंपनीत क्वालिटीला आहे. कंपनी तिला तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवते आहे. व्हिसा आला त्या रविवारी ती म्हणाली, "आई, जायच्या आधी आपण दोघी समुद्रावर जाऊ. दोनच दिवस. बाबा शेड बघतील."

मी म्हटलं, जाऊ. अलिबाग बघ, काशीद बघ, दिवेआगर बघ.

"मला मालवणला जायचंय."

"मालवण सोडून बोल."

माझी मुलगी माझ्यासारखी आवाज चढवत नाही, ती गप्प बसते, आणि ते जास्त महाग पडतं. चार दिवसांनी तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. पांढरी चादर घातलेला पलंग, भिंतीला निळा रंग, खिडकीतून माड आणि पाणी. नाव काहीतरी इंग्रजी. "खाडीकाठी आहे, घरगुती जेवण, तारकर्लीच्या बाजूला. बुक केलंय."

"कितीला?"

तिने आकडा सांगितला. मी कपाळाला हात लावला. त्या आकड्यात मी कापडाचा तागा आणते.

"आई, फिक्स रेट आहे. एक रुपया कमी करायचा नाही. फोनसुद्धा करायचा नाही. हा नंबर मी फक्त तुझ्याकडे असू दे म्हणून देतेय."

मालवण का नको, ते सांगायला हवं. अकरा वर्षं झाली. एका सकाळी नऊ वाजता दादाचा फोन आला, माझ्या थोरल्या भावाचा. आई गेली. त्या दिवशी रात्री मी वाडीत पोचले तेव्हा अंगणात फक्त ओला झालेला मांडव होता. दादा थांबला नव्हता, आईला अग्नी देऊन झाला होता. आईचं तोंड मला बघायला मिळालं नाही. मी अंगणातच उभी राहून सगळ्या वाडीसमोर त्याला बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही. घर मिळावं म्हणून घाई केलीस, इथपर्यंत बोलले. तो पडवीत बसून होता. त्याने मान वर करून एवढंच विचारलं, "तुज्या मालाची डिलिव्हरी झाली काय गो?"

मी त्याच पावली परत फिरले. बाराव्याला गेले नाही. नंतर पत्रिका आल्या, मी आहेर मनीऑर्डरने पाठवला. आई गेली की माहेर संपतं असं बायका म्हणतात. माझं तर भावाने हाताने संपवलं, असं मी अकरा वर्षं प्रत्येकाला सांगत आले. ह्यांना, शेजारणींना, शेडवरच्या बायकांना. माझ्याकडे बोलायला दुसरा विषय नसला की हा असायचा.

तर तो नंबर माझ्याकडे होता. मंगळवारी दुपारी शेडवर जेवणाची सुट्टी होती, मशीनं बंद होती. फिक्स रेट म्हणजे काय असतं ते मला बघायचंच होतं. मी फोन लावला. पलीकडे एक बाई, आवाज सावकाश, पुस्तकी मराठी.

मी माझा पर्चेसवाला आवाज काढला. "दोघीच आहोत. एसी लावणार नाही, एसीचे कमी करा."

"एसी तसा पण दुपारी लाईट नसली की चालत नाही, मॅडम. दर तोच."

"मग चालत नाही त्याचे तरी काढा."

"दर तोच, मॅडम."

"नाश्ता नको आम्हाला. मी सकाळी चहाच घेते."

"घेऊ नका. दर तोच."

अशी बाई मला चाकणमध्ये भेटली नाही. मला मजा वाटायला लागली. मी म्हटलं, सुरमई-पापलेट नको, खाडीचं काय असेल ते करा, ते स्वस्त पडतं. तिसऱ्या मिळतात का? वाटण घालून एकेक शिंपली ठेवून करता का? ती म्हणाली, करतो, पण निवडायला वेळ लागतो, त्याचे वेगळे. मी म्हटलं, ठेवते मग फोन, दुसरीकडे बघते.

"बरं, मॅडम."

मी ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही.

"बघा, शेवटचं विचारते. ठेवते मी."

"हो."

"ठेवते हं."

आणि त्या बाईला हसू आवरेना. हसता हसता तिची पुस्तकी मराठी गळून पडली. "वन्स, ठेवतंय ठेवतंय म्हणतास आणि ठेवणास नाय. सासरे असेच करायचे."

आमच्याकडे नवऱ्याच्या बहिणीला वन्स म्हणतात. मला त्या शब्दाने हाक मारणारं जगात एकच माणूस आहे. ती माझी वहिनी होती. निळा रंग दिलेली ती खोली म्हणजे आमची पूर्वेकडची पडवी, जिथे आई भात वाळत घालायची. मी ओळखली नव्हती.

मला पहिल्यांदा राग आला. मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अश्विनीन सांगितल्यान. म्हणाली, मामी, बुकिंग केलंय, आता आई दर पाडूक फोन करतली, तिका राहवाचा नाय. चार दिवस झाले, फोन घेऊन न्हाणीतसुद्धा जातंय मी."

"मग एक रुपया तरी सोडायचा होता."

"सोडलंय असतंय तर तुमी लगेच फोन ठेवलो असतास," वहिनी म्हणाली. "अकरा वर्सांनी बोलतास. मी कित्याक सोडू?"

माझं तोंड बंद करणारी बाई माझ्याच माहेरी होती आणि मी चाकणच्या पोरांवर रुबाब करत फिरत होते. बाहेर बायका डबे उघडून बसल्या होत्या, कुणाच्या तरी डब्यातल्या ठेच्याचा वास येत होता. वहिनीने हळूच विचारलं, "ह्यांका दिवंय फोन?"

मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून दिला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. दादाला दमा आहे, बाबांसारखाच.

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, जी मी या अकरा वर्षांत कुणालाच सांगितली नाही. दादाचा फोन नऊला आला, पण मी निघाले एक वाजता. एका कंपनीचा माल त्या दिवशी जायचा होता, पहिलीच मोठी ऑर्डर, टेम्पो दारात उभा होता. मला वाटलं, गेलेलं माणूस गेलं, आता चार तासांनी काय होतं. डिलिव्हरी करून निघते, असं मी दादाला फोनवरच सांगितलं होतं. मी हातमोजे मोजून, गठ्ठे बांधून टेम्पो रवाना केला आणि मग गाडीत बसले. दादाचा तो प्रश्न मला टोचला, कारण तो बरोबर होता. चुकीचा असता तर मी तिथेच भांडून विसरून गेले असते.

मी फोनवर म्हटलं, "दादा, मी तेव्हा सकाळीच निघायला हवं होतं."

तो म्हणाला, "सा वाजापर्यंत थांबललंव, बाय. पावस धरलेलो. मगे वाडीतली माणसा ऐकाक नाय."

ते थांबले होते. मला हे माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं, आधी ओरडले. चाकणहून आमची वाडी तेव्हा नऊ तासांवर होती. नऊला निघाले असते तर सहाला मी अंगणात असते. मी शेडच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले, तिकडे बायकांना दिसत नाही. दादा फोनवरच होता. त्याने परत तो प्रश्न विचारला नाही, मीही घराचं काढलं नाही. तो म्हणाला, "ता मी बोलाक नको होतंय." मी म्हटलं, मीपण. एवढंच. आम्हा दोघांना यापेक्षा जास्त येत नाही.

मग दादा एकदम मोठ्या आवाजात म्हणाला, "पैशे घेवचंय नाय मी तुज्याकडसून." इथे मात्र मी भांडले. म्हटलं, खोली पोरीने तिच्या पगारातून घेतली आहे, तिला तिकडे पाहुणीसारखं राहू दे, पूर्ण पैसे घ्यायचे, पावती द्यायची. मी काही त्या निळ्या खोलीत झोपणार नाही. मी आत, वहिनीजवळ. मला सकाळी पेज लागेल, सुकट लागेल, ते कुठल्याही कार्डावर लिहिलेलं नसतं. पलीकडून वहिनी ओरडली, "ओटी भरल्याशिवाय सोडूचंय नाय." दादाने विचारलं, "किती दिस रवतलस?"

संध्याकाळी अश्विनी शिफ्टवरून आली. चपला काढता काढता तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"किती कमी केले?"

"काही नाही."

"काहीच नाही? तू?"

"दोन दिवसांचे पाच केले. रजा टाक."

ती तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. मग येऊन माझ्याजवळ बसली, रागवशील असं वाटलं होतं म्हणाली. मी म्हटलं, रागावलेच आहे, गाडीत बसल्यावर बोलेन. तिने चहा टाकला. आता दोन महिन्यांत ती जाईल. तिकडे बर्फ पडेल, ती मला फोटो पाठवेल, मी जेवलीस का विचारेन. घर म्हटलं की तिच्या मनात ही दोन खोल्यांची जागा येईल, कोऱ्या कापडाच्या वासाची, आणि आवाज चढवणारी मी. माझ्या मनात खाडी येते. दोन्ही खरी आहेत. मी तीस वर्षं विचार करत होते की घर म्हणजे आपण सोडून आलो ते, की आपण उभं केलं ते. आता मला वाटतं, आपल्यासाठी कुणी तरी सहा वाजेपर्यंत थांबतं, तेवढं आणि तिथपर्यंत घर असतं. पुढचं आपल्या निघण्यावर आहे.

चहा पिताना मी तिला म्हटलं, "तिकडे असताना कधी फोन आला, आईचं बरं नाही, तर हातातलं काम तिथंच टाकायचं. कितीही मोठं असो. लगेच निघायचं."

"आई, काहीतरीच बोलू नकोस."

"ऐक. विमान उशिरा पोचलं तरी घाबरायचं नाही. तुझ्या मामाला थांबायला सांगून ठेवते. ह्या खेपेला तो कुणाचंही ऐकायचा नाही."