छातीतला भोंगा

आणीबाणी उठली होती, भिंती पुन्हा घोषणांनी रंगवायला मोकळ्या झाल्या होत्या, आणि मी कॉलेज बुडवून नागपूरच्या प्रताप नगरात दारोदार पत्रकं वाटत होते. त्याच हिवाळ्यात काटोलजवळच्या शाळेत शिकवणारी माझी मोठी बहीण भर वर्गातून घरी पळाली. फळ्यासमोर उभी राहिली की छाती धडधडायची, हात गार पडायचे, पोलकं घामानं भिजायचं. पुढे पुढे तर नुसती मोटरसायकल फटफटली तरी तेच. शाळातपासणी महिन्यावर आलेली. तपासणीच्या साहेबांसमोर शिकवता आलं नाही तर घरी बसा, असं हेडमास्तरांनी तोंडावर सांगितलं होतं.

सासरचे म्हणाले, नजर लागली. मी काटोल गाठलं आणि म्हटलं, खड्ड्यात गेली तुमची नजर! तिला एसटीत बसवलं आणि थेट नागपूरला मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन उभं केलं.

बाई म्हणाल्या, "गिरणीचा भोंगा ऐकलाय ना? संकट दिसलं की मेंदू अंगात तसाच भोंगा वाजवतो. हृदय पळतं, घाम सुटतो. समोर वाघ असला तर चांगलंच आहे. तुमचा भोंगा फळा पाहून वाजतो, आणि थांबत नाही."

मग गोळ्या लिहून देत त्यांनी समजावलं: मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक द्रव्य पेशींमधले निरोप नेतं. या गोळ्यांमुळे ते तिथं जास्त वेळ टिकतं आणि भोंगा हळूहळू ताळ्यावर येतो. "नेमका कसा, ते आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही," हेही बाईंनी सांगून टाकलं. मी खुर्चीतून उठलेच! म्हणजे ज्या बायकांना आपण पिढ्यान् पिढ्या नाटकी म्हणून हिणवलं, त्यांच्या अंगात खरोखर काहीतरी घडत होतं! ही गोष्ट चौकाचौकात ओरडून सांगायची सोडून लोक लिंबू-मिरच्या बांधत बसले होते.

"पहिले काही दिवस धडधड वाढेलसुद्धा," बाईंनी बजावलं. "गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. मनानं बंद करायच्या नाहीत."

धडधड वाढलीच. तोंडाला कोरड पडली. मी काटोलला पोचले तेव्हा भाऊजी गोळ्यांची बाटली मुठीत धरून अंगणात उभे होते.

"काय वं पुढारीणबाई, हे औषध हाये का जहर? बायकोले पागल करून राहिली तू माह्या!"

माझं भाषण तयारच होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ताई दारात आली.

"तू थांब वं," मला म्हणाली. मग भाऊजींकडे वळली. "बहर यावा म्हणून तुम्ही संत्र्याच्या बागेचं पाणी तोडलं होतं ना? झाडं पार सुकून गेली होती. आता पाणी सोडलं. मंग दुसऱ्या दिवशी फूल काहून नाई आलं?"

"असं लगेच येते का? टाइम लागते त्याले."

"आन् पहिल्या पाण्याले पानं गळली, तर मोटर बंद केली का तुम्ही?"

भाऊजींनी बागेकडे पाहिलं. मग बाटली तिच्या हातात ठेवली आणि मोटर पाहायला निघून गेले. मला हसू आवरेना. इतकी पत्रकं लिहिली, पण एवढी सोपी गोष्ट मला सुचली नव्हती.

तपासणीच्या दिवशी मी शाळेच्या खिडकीबाहेर उभी होते. भोंगा माझ्याच छातीत वाजत होता! साहेब आत शिरले. ताईच्या हातून खडू पडला. ती वाकली, खडू उचलला, क्षणभर फळ्याला टेकून उभी राहिली. आणि शिकवायला लागली. तास संपेपर्यंत!

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "धडधडलं वं, खूप धडधडलं. पण थांबलं! आपोआप थांबलं!"

फाटकाशी भाऊजी मोटरसायकल बंद करून, हातानं ढकलत आले होते. ताई मागच्या सीटवर बसली. "करा चालू," म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "करू का वं?"

"मला काय विचारता? तिला विचारा!"

"करा म्हणते ना!" ताई ओरडली, आणि त्यांनी किक मारली.