दुधना कुठं मिळते?

चौकशीला आलेलं पोर दारातच थरथरायला लागलं, की मॅडम चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी बस. मंग घाबर."

जालन्यातल्या आमच्या महाविद्यालयात परीक्षेतल्या गैरप्रकारांची चौकशी करणारी एक समिती होती. मॅडम तिच्या अध्यक्ष आणि मी सचिव. मी त्यांचाच जुना विद्यार्थी. पुढे त्यांच्याच भूगोल विभागात शिकवायला लागलो. अशा चौकशीच्या खोलीतली हवा तुमच्यापैकी काहींनी अनुभवली असेल. आमच्या खोलीतून मात्र बाहेर हसण्याचे आवाज जायचे.

घनसावंगीकडच्या एका मुलाने 'माझ्या गावाची पाहणी' हा प्रकल्प इंटरनेटवरून जसाच्या तसा उतरवला होता. त्यात नारळाच्या बागा होत्या, मासेमारी होती. मॅडमनी तो शांतपणे शेवटपर्यंत वाचला.

"तुमच्या गावाला समुद्र कधी आला रे?"

"न्हाई मॅडम. ऊसच हाय."

"मंग ऊसच लिही ना बाबा! याला शून्य तर मी देणारच. पण गाव फिरून पुन्हा लिहून आण. ते बी मी वाचणार."

त्याने आणलं, आणि त्यांनी ते खरोखर वाचलं. वर विहिरींबद्दल त्याला इतकं विचारलं, की तो शून्य विसरून अर्धा तास बोलत बसला.

मग ते अकरा पेपरांचं प्रकरण आलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरा मारला होता : अकरा विद्यार्थ्यांच्या उत्तरात एक परिच्छेद शब्दशः सारखा, आणि चूकही तीच, 'दुधना नदी थेट गोदावरीस मिळते.' सामूहिक कॉपी. ती सिद्ध झाली असती तर अकरा जणांचं वर्ष गेलं असतं.

पहिली आली अंकुशनगरची एक मुलगी. तिचे वडील कारखान्यात कामाला होते आणि घरात कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच. मॅडम विचारत होत्या आणि ती सारखी माझ्याकडे बघत होती.

"सरांकडं काय बघून राह्यली? माझ्याकडं बघ. कुठून लिहिलं हे?"

"पाठ केल्तं, मॅडम."

"कशातून?"

हळूच पिशवीतून वही काढून तिने टेबलावर ठेवली. "सरांनीच सांगितल्तं..."

मी ती उघडली. वाक्य माझंच होतं. वर्गात मीच सांगून लिहून घेतलं होतं. मी उठलो, विभागातल्या कपाटातून माझी जुनी वही आणली आणि मान खाली घालून मॅडमपुढे धरली.

त्यांनी पान वाचलं. "ही कोणत्या तासाची?"

"तुमच्याच, मॅडम. मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची."

मॅडम हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ती मुलगी आधी घाबरली, मग तीही हसू लागली. शेवटी मलाही हसू आलं.

"लिहा सर," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "विद्यार्थी निर्दोष. मूळ चूक समितीच्या अध्यक्षांची."

"मॅडम, असं लिहायचं?"

"बिलकुल असंच. अन् नदी चुकली ती चुकलीच. एकेक मार्क सगळ्यांचा कापायला सांगा."

दिवाळीनंतर त्यांनी गाडी ठरवली. अकरा जण, मॅडम आणि मी परभणीकडे निघालो, दुधना पूर्णेला मिळते ती जागा बघायला. भाकरी-ठेचा बांधून घेतला होता. काठावर मॅडमनी साडी जराशी वर खोचली, बूट काढले आणि घोटाभर पाण्यात उतरल्या. "बघा रे पोरांनो, किती वर्षं मी हिला भलतीकडंच धाडून राह्यले होते!" अंकुशनगरची मुलगी मोठ्याने म्हणाली, "मॅडम, आम्ही बी!" सगळा काठ हसला.

त्याच वर्षी मॅडम निवृत्त झाल्या आणि लेकीकडे नागपूरला गेल्या. अध्यक्षांच्या खुर्चीत मी बसलो. पहिल्या चौकशीला आलेल्या मुलाशी मी नीट बोललो, सगळं नियमाने केलं. मध्येच शिपाईमामा दार ढकलून आत डोकावले आणि आम्हाला बघून चपापले.

"माफ करा सर. कायच आवाज न्हाई, म्हणून वाटलं खोली रिकामी हाय. कुलूप लावायला आल्तो."