दमलेला साउंडबार

गुरुवारी संध्याकाळी आमचा साउंडबार गप्प झाला. मेला असता तर बरं झालं असतं, निदान कळलं असतं की मेला. पण ह्याचा लाइट चालू, समोरच्या बारक्या खिडकीत अक्षरं चालू, आणि आवाज मात्र नाही. टीव्हीतली बाई तोंड उघडायली, मिटायली, रडायली पण, आणि आमच्या हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल.

आणि रविवारी सकाळी अकराला अक्काचा फोन!

थांबा, हे अकराचं प्रकरण आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल एका पेटीसाठी ही एवढी का उड्या मारायलीय. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, लग्न होऊन सुरतला असते. दर रविवारी अकराला ती व्हिडिओ कॉल करते, मी मोबाइल टीव्हीला जोडते, आणि तिचा आवाज साउंडबारमधून हॉलभर येतो. हे सगळं नायनांसाठी. नायना म्हणजे आमचे वडील. आम्ही तेलुगू घरातले, घरी दोन्ही भाषा कालवून बोलतो, पण इथं सगळं मराठीतच लिहिते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

नायना भवानी पेठेत एका चादरींच्या कारखान्यात माग चालवतात, माझ्या जन्माच्या आधीपासून. तिथं दोन मागांच्या मधी उभं राहिलं की शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही. सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. धागा संपला, चहा आला, मालक आला, सगळ्याला वेगळी खूण. तो खडखडाट नायनांच्या कानात कायमचा घुसून बसलाय. मोबाइल कानाला लावला तर त्यांना नुसती भुणभुण. कानाचं मशीन आणलं होतं. एक दिवस घातलं आणि म्हणाले, "कानात आजून एक माग बसवलास की गं!" तेव्हापासून ते कपाटात. पण साउंडबार आला आणि त्यांनी अक्काचं बोलणं मधी कुणाला "काय म्हनली?" न विचारता ऐकलं. त्या दिवशी ते दोन वेळा जेवल्यासारखे खुशीत होते.

आणि ह्या रविवारी अक्काची पोरगी, तेरा महिन्यांची, "ताता" म्हणणार होती. ताता म्हणजे आजोबा. बुधवारी ती पहिल्यांदा म्हणाली, अक्कानं मला फोन करून किंचाळत सांगितलं. नायनांना मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. 

बुधवारी कागद, गुरुवारी बार बंद. हे दोन दिवस लागोपाठ आहेत हे माझ्या डोक्यात शनिवारपर्यंत आलंच नाही.

तर मी सुरू केलं. आधी रिमोटचे सेल बदलले. मग घड्याळातले सेल काढून रिमोटमध्ये घातले, कारण नवीन सेलवर पण माझा विश्वास नव्हता. मग प्लग काढून दहा मिनिटं थांबले. मोबाइलवर एक दादा सांगत होता की दहा मिनिटं थांबा, दुसरा म्हणत होता तीस सेकंद, तिसरा म्हणत होता रात्रभर. कोणाचं ऐकायचं? मी दहा मिनिटं थांबले आणि वर तीस सेकंद. काही नाही. मग केबल उलटी केली, टीव्हीकडचं टोक बारला आणि बारकडचं टोक टीव्हीला. मला माहीत होतं ह्यानं काही होत नाही. तरी केली.

अम्मा दारात उभी राहून बघायली. म्हणाली, "अगं, त्याला जरा आराम दे. किती वेळा उठबस करायला लावायलीस."

मग मला ती अक्षरं दिसली. म्हणजे दिसत होतीच, पण मी नीट बघितलं नव्हतं. बारच्या खिडकीत "टीव्ही" येत होतं, लगेच "ब्लूटूथ", लगेच वायरचं, परत "टीव्ही". एक सेकंद इथं, एक सेकंद तिथं. कुणीतरी चॅनेल बदलत बसावं तसं. म्हणजे बार टीव्हीचा आवाज ऐकायला थांबतच नव्हता!

मला वाटलं सापडलं. ब्लूटूथ! कुणीतरी शेजारून आपला मोबाइल आमच्या बारला जोडायलंय! आणि डोक्यात पहिलं नाव आलं समोरच्या काकूंचं, कारण त्यांच्या घरातून दिवसभर भजनं ऐकू येतात. मी तरातरा गेले.

"काकू, तुमचा मोबाइल आमच्या साउंडबारला जोडलाय का?"

काकूंनी पदराला हात पुसले आणि आत जाऊन मोबाइल आणून माझ्या हातात दिला. बटणांचा. तीन नंबरचं बटण निघालेलं, तिथं चिकटपट्टी.

"बघ बाई," काकू म्हणाल्या, "तीन दाबता येत न्हाय म्हणून मी माझ्या भावाला सुदीक फोन करत न्हाय. तुझ्या बारला कुटनं जोडू?"

मी परत आले. अम्मा हसून हसून खाली बसली होती.

शुक्रवारी मी कॉलेजात लेक्चरला बसून दोन बटणं एकदम दाबून सगळं पहिल्यासारखं कसं करायचं ते वाचून काढलं. घरी येऊन दाबली. खिडकीत काहीतरी "हॅलो" असं आलं, माझ्या अंगावर काटा आला, आणि परत सुरू: टीव्ही, ब्लूटूथ, वायर, टीव्ही. मग मी घरात सगळ्यांना विचारलं की बारला कुणी हात लावला का. अम्मा म्हणाली, "मी तर त्याच्यावरची धूळ पण भीत भीत पुसते." नायनांसमोर जाऊन हातानं बार दाखवला, बोट लावल्याची खूण केली, आणि मोठ्यानं विचारलं, "तुम्ही हात लावला का?"

"व्हय व्हय," नायना म्हणाले आणि चहा पीत राहिले.

पण नायना सगळ्यालाच व्हय व्हय म्हणतात. जेवलात का, व्हय व्हय. डाळीत मीठ जास्त झालं का, व्हय व्हय. ज्याचं उत्तर ऐकू आलं नाही त्याला व्हय व्हय. म्हणून मी ते धरलंच नाही.

त्या संध्याकाळी टीव्ही लागला तेव्हा ते दोन मिनिटं बसले, मग उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. खिशाला हात लावून बघत होते. कागद तिथंच होता. मला एकदम रडूच आलं आणि रागही आला, आणि राग कुणावर काढायचा तेही कळंना.

शनिवारी मी बार भिंतीवरून काढलाच. पलंगावर आडवा ठेवला, चादरीवर. बाजूला चार बटणं आहेत, त्यातलं एक आवाज कुठून घ्यायचा ते बदलायचं. ते बटण आत गेलेलं होतं. बाहेरच येईना! म्हणजे तेच सारखं दाबल्यासारखं होऊन बार इकडून तिकडे पळत होता. मी नखानं उचकटायला गेले तर बोट बुळबुळीत झालं. वास घेतला. ओळखीचा वास. इतका ओळखीचा की कशाचा ते लवकर आठवंना.

तेवढ्यात नायना खोलीत आले. त्यांनी आडवा पडलेला बार बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि हातातली तेलाची कुप्पी पुढं केली.

"आजून दोन थेंब देऊ का?"

आमच्या घरात एकही दार करकरत नाही, हे मी आधी सांगायला पाहिजे होतं. शिलाई मशीन, सायकल, कपाटाची कडी, जात्याचा खुंटा, अम्माचा अडकित्ता, काही अडलं की नायना कारखान्यातून आणलेली लांब नाकाची कुप्पी घेऊन येतात आणि टुक टुक करून दोन थेंब देतात. मागाला तसंच करतात. माग ओढत चालायला लागला की आधी तेल. पण साउंडबारला तेल!

मी ओरडले, "नायना! ह्याला तेल देतात का?"

माझं तोंड बघून त्यांना बहुतेक कळलं. ते पलंगाच्या कडेला बसले आणि हळू, म्हणजे त्यांच्या हिशोबानं हळू, आमच्या गल्लीला ऐकू जाईल एवढं हळू, म्हणाले, "गुरुवारी सकाळी दिलं. रविवारी पोरगी बोलणार म्हनून. लई दिवस बघतोय, दमलंय ते. आवाज ओढत येतोय. आधी कसं खणखणीत होतं."

मी म्हटलं, "दमत नाही ते!"

"व्हय व्हय," नायना म्हणाले.

बार टॉवेलात गुंडाळून मी दुरुस्तीवाल्या चाचांकडे नेला. चाचा रेडिओ, मिक्सर, पंखे, जे मिळंल ते उघडतात. त्यांनी बाजूचं झाकण काढलं, आत बघितलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"किसने डाले जी ये तेल? भजिये तलने थे क्या?"

"आमच्या वडिलांनी."

"काय को?"

"आवाज कमी येतोय म्हणाले. दमलाय म्हणाले."

बटणाच्या मागं तेल आणि कापसाचे तंतू मिळून काळी पेस्ट झाली होती. नायनांच्या कपड्यांतून घरभर कापूस येतो, आमच्या डाळीत सुद्धा सापडतो. चाचांनी कापडाला स्पिरिट लावून ती पेस्ट पुसायला घेतली. पुसता पुसता माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुनो बेटा. ये मशीन या तो बोलता, या तो नै बोलता. आहिस्ता आहिस्ता थकना इसका काम नै." मग विचारलं, "लूम पे हैं क्या अब्बा?"

"हौ," मी म्हटलं.

"हौ," चाचा पण म्हणाले, आणि परत पुसायला लागले.

मी तिथं स्टुलावर बसले होते आणि माझं डोकं एकदम त्या बारसारखं झालं. एकदा इथं, एकदा तिथं. म्हणजे बार ठीकच होता? मग इतके दिवस नायनांनाच आणखी कमी ऐकू यायला लागलं होतं, आणि त्यांना वाटलं ते पेटीचं दुखणं आहे? की त्यांना माहीत होतं आणि पेटीवर ढकललं? आणि आम्हाला कसं कळलं नाही? घरी येऊन अम्माला विचारलं की बारचा आवाज कितीवर असायचा.

"पहिल्यांदा तू अठरावर ठेवला होतास," अम्मा म्हणाली. "मग बंद पडायच्या आधी छत्तीस होता. मला वाटलं तूच वाढवतीस. तुमची पोरांची सवय."

मला वाटत होतं अम्मा वाढवते, स्वयंपाकघरात ऐकू यावं म्हणून!

बार भिंतीवर लावला. बटण टुणकन बाहेर येत होतं. खिडकीत "टीव्ही" आलं आणि तिथंच थांबलं. मी बातम्या लावल्या आणि आवाज अठरावर ठेवला, मुद्दाम. खणखणीत! माझ्या छातीत वाजायला लागलं. मी नायनांकडे बघितलं.

नायना बातम्या देणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "न्हाय झालं का दुरुस्त?"

मी पंचवीस केला. तीस केला. अम्मा पदर कानावर घेऊन आत गेली. छत्तीसला पण ते नुसते बघत होते. बेचाळीसवर त्यांनी मान हलवली. "हां. आता आला ताळ्यावर."

मला सांगायचं होतं. हातानं खूण करायला पण गेले, कानाकडे बोट नेलं, आणि केस मागं घेतल्यासारखं केलं. उद्या अकराला पोरगी बोलणार, आज कशाला. का आजच सांगायला पाहिजे होतं? मला अजून कळलेलं नाही.

रविवारी अकराला अक्का टीव्हीवर आली. नायना टीव्हीसमोर नाही, बारच्या खाली खुर्ची ओढून बसले होते, तळहात बारवर ठेवून. माग चालू आहे का ते नायना असंच बघतात, चौकटीवर हात ठेवून.

"काय गं, एवढा आवाज?" अक्का म्हणाली. "माझंच बोलणं मला परत ऐकू यायलंय."

"असू दे," मी म्हटलं. "ताता म्हणायला लाव तिला."

अक्कानं पोरीला मांडीवर घेतलं. ताता कुठंय, ताता बोल, ताता बघ. पोरीनं आमच्याकडे बघितलं, अक्काकडे बघितलं, तोंड घट्ट मिटलं आणि हातातल्या चमच्यानं समोरचं स्टीलचं ताट बडवायला सुरुवात केली. खटाक खटाक खटाक. अक्का ताट ओढून घ्यायला गेली तर पोरीनं भोकाड पसरलं, म्हणून परत दिलं. खटाक खटाक.

आणि नायना हसायला लागले! तळहात बारवर, डोळे मिटलेले, खांदे हलायलेत.

"माग चालू केला की गं हिनं!" ते ओरडले. "एक धोटा चुकतोय बघ, ऐक. एक, दोन, आणि तिसरा चुकला. ऐकलीस का?"

मी ऐकलं. खरंच तिसरा ठोका चुकत होता, मागातला धोटा इकडून तिकडे जाताना अडकावा तसा. मला त्यांनी सांगितल्यावर ऐकू आलं.

पोरगी ताता म्हणाली नाही. शेवटपर्यंत नाही. अक्का हिरमुसली, पुढच्या रविवारी म्हणेल म्हणाली. फोन बंद झाला. नायनांनी खिशातला कागद काढून परत एकदा वाचला आणि परत ठेवला. मग हात बारवरून काढून त्याच्या खिडकीकडे बघितलं.

"कितीवर हाय हा?"

"अठरा," मी म्हटलं. खूण पण केली, एक बोट आणि आठ बोटं.

नायनांना आकडे वाचता येतात. खिडकीत बेचाळीस होतं. त्यांनी बेचाळीसकडे बघितलं, माझ्या बोटांकडे बघितलं.

"व्हय व्हय," म्हणाले, आणि टेबलावरची कुप्पी उचलून आत ठेवायला गेले.