साहेबाचा कावळा

आमच्या घरात तेव्हा कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. हा काही दुःखाचा परिणाम नव्हे, ती रीत आधीपासूनची. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, कॉलेज अर्धवट सोडलं आणि नगरला मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात हातात पाना घेतला. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते संगमनेरच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. "कारकुनाच्या घरात लोहार जन्मला," एवढं एक वाक्य बोलले आणि त्यांनी अबोला धरला. दादा सुट्टीला घरी आला की दोघं एकाच सोप्यावर बसायचे आणि मधे मी. "त्याला सांग, पाणी तापलंय." "त्यांना सांग, मी नदीवर जातोय." अहो, हाताच्या अंतरावर बसलेली दोन माणसं! मी आपली टपालवाल्यासारखी इकडचं वाक्य तिकडे टाकायची. चिडून एकदा म्हटलं, "तुमचे कान काय गहाण पडलेत?" तर दोघंही हसले, पण एकमेकांकडे बघून नाही.

त्या पावसाळ्यात दादा ताप घेऊनच घरी आला. विषमज्वर. आईने देव पाण्यात ठेवले, वैद्यबुवांनी मात्रा दिल्या, डॉक्टरांनी अन्न तोडलं. सगळ्यांनी सगळं केलं. तो गेला. मी तेव्हा इंग्रजी चौथीत होते. मला रडू आलं नाही. खोटं कशाला बोलू? लोक येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि मला वाटायचं, आता ह्यांच्यासाठी तरी रडायला हवं. पण आत काही हलतच नव्हतं. भूक लागायची, झोप लागायची, बस्स.

दहाव्याला पुरुषमाणसं प्रवरेच्या घाटावर गेली. बायका घरीच. दुपारी सगळे परतले तसं आईने दारातच विचारलं, "शिवला का?"

"शिवला," अण्णा म्हणाले.

पण आमचे काका शेवगावहून आलेले. त्यांचं तोंड म्हणजे फुटका माठ. जेवताना भाताचा घास घोळवत म्हणाले, "काय ते कावळे! बाभळीवर बसून राहिले, खाली उतरायचं नाव नाही. आम्ही काय काय कबूल केलं! बहिणीला मॅट्रिक करू म्हटलं, आईला काशी घडवू म्हटलं. अगदी हात टेकले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला लावला."

आई वाढत होती. तिचा हात तसाच भांड्यावर राहिला. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. माझं विचाराल तर त्या दिवशी घाटावर आणखीही कुणाकुणाचे दहावे होते, कावळ्यांची पोटं भरली असतील, दुसरं काय! पण हे आईला कोण सांगणार? आणि सांगितलं तरी पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हापासून आईला जगात एकच गोष्ट हवी होती. त्याचं काय राहिलं, ते कळायला हवं होतं. वैद्यबुवांना विचारलं, दादाच्या मित्रांना विचारलं, भांडीवालीला विचारलं. मला तर उठता-बसता. "तुला काही बोलला होता का गं? कुणी मुलगी होती का? काही घ्यायचं होतं का त्याला?" मला काही ठाऊक नव्हतं. अण्णांना मात्र तिने विचारलं नाही. "शिवला" असं खोटं सांगितलं म्हणून तिने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. झालं! टपालवालीचं काम पुन्हा माझ्याकडे. "त्यांना सांग, पान वाढलंय." आई रडत नव्हती, भांडत नव्हती. उठायची, चूल पेटवायची, निजायची. घरात आम्ही तिघं होतो आणि तिघंही लाकडाचे.

दिवाळी आली तशी गेली. आम्ही काही केलं नाही, करायचं नव्हतंच. त्यानंतर थंडीत नदीकाठच्या मैदानावर सिनेमाचा तंबू आला. परवान्याचा कागद अण्णांच्या टेबलावरून जायचा, म्हणून तंबूचा मालक दरवर्षी पास पाठवायचा आणि अण्णा दरवर्षी ते परत करायचे. त्या वर्षी त्यांनी ठेवून घेतले. टांग्यातून ढोल बडवत एकजण ओरडत गेला होता, की संतांचा चित्रपट आहे, भजनं आहेत, चमत्कार आहेत. अण्णा मला म्हणाले, "आईला सांग, देवाचंच आहे. वर्षाच्या आत गेलं तरी चालतं."

आई म्हणाली, "त्यांना सांग, येते."

का हो म्हणाली, कोण जाणे. बहुतेक संताकडे पाहून काही उत्तर मिळेल असं वाटलं असेल.

तर गेलो. मधे कनात, एकीकडे बायका, एकीकडे पुरुष, साहेबलोकांना चार खुर्च्या, बाकी सगळे जमिनीवर घोंगड्या टाकून. अण्णा कारकून असले तरी खुर्चीवर बसले नाहीत, कनातीला लागून आमच्या शेजारीच पलीकडे बसले. पुढच्या बायकांनी उदबत्त्या लावल्या, एकीने नारळही आणला होता. दिवे गेले, हात जोडले गेले, आणि पडद्यावर आली एक मडम. उघड्या खांद्यांची!

काय झालं होतं, की लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळत नसे, कोळशाच्या गॅसवर धापा टाकत सर्व्हिस मोटार यायची. त्या मोटारीच्या टपावर नगरला रिळांची पेटी चढवताना अदलाबदल झाली. संत गेले कॅम्पातल्या गोऱ्या सोल्जरांकडे आणि त्यांचा इंग्रजी भुताचा सिनेमा आला आमच्याकडे. तिकडे सोल्जरांनी टाळ-मृदंगाचं काय केलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक!

गलका झाला. उदबत्त्या विझवल्या. "पैसे परत" अशी ओरड सुरू झाली, तसा मालकाने त्या ढोलवाल्याच्या हातात भोंगा दिला आणि त्याला पडद्यापाशी ढकललं. आता बोल, समजावून सांग. त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं आणि सिनेमा तोही आमच्याबरोबर पहिल्यांदाच बघत होता. पण गडी वस्ताद.

"मंडळी, बसा, बसा! ह्यो बी देवाधर्माचाच हाय. फकस्त देव साहेबाचा हाय!"

लोक हसले आणि बसले.

पडद्यावर एक भलाथोरला बंगला. वटवाघळं, कोळिष्टकं, आपोआप वाजणारी दारं. त्यात एक श्रीमंत, चक्रम कुटुंब. म्हातारी दिवसभर लोकरीचा गळपट्टा विणते आणि जिन्याशी उभ्या केलेल्या लोखंडी चिलखताच्या गळ्यात गुंडाळते. तिचा भाऊ पडद्यांशी तलवारबाजी करतो. पोरगी हातमोजे घालून पेटी वाजवते. आणि त्यांच्याकडे एक सुकडा पाहुणा येतो, तो दर थोड्या वेळाने बेशुद्ध पडतो. का, तर घरातला मेलेला आजोबा भिंतीतून येऊन रोज जेवायला बसतो. आणि घरच्यांना त्याचं काहीच नाही! कुणी किंचाळत नाही, कुणी पळत नाही. त्याच्यापुढे बशी सरकवतात, आपलं खातात.

मला थोडंफार इंग्रजी कळायचं, पण तंबूच्या इंजिनाच्या धडधडीत ते कुठलं ऐकू येतंय! जे ऐकू आलं ते भोंग्यातलंच.

"ह्यो म्हातारा मेल्याला हाय बरं का. पर जेवाया येतुया. का येतुया? आवं, इच्छा ऱ्हायलीया त्याची!"

मी आईकडे पाहिलं नाही. समोर बघत राहिले.

मग त्या म्हातारीने कपाटावरून एक काळा पक्षी उतरवला. मेलेला, पेंढा भरलेला, काचेच्या डोळ्यांचा. काखेत धरून तिने तो जेवणाच्या टेबलावर आणला आणि आजोबाच्या बशीशेजारी ठेवला. का ठेवला, ते त्या इंग्रजांना माहीत. भोंगेवाला क्षणभर बघत राहिला आणि मग त्याला एकदम उजेड पडला.

"आता कळ्ळं! मंडळी, ह्यो साहेबाचा कावळा! शिवंना, शिवंना, लई वाट बघितली, म्हून मंग धरला आन भरला की मुडद्याच्यात भुसा! आता जातूस कुठं? शिव म्हटलं की शिव!"

तंबू कोसळायचाच बाकी राहिला. तेवढ्यात म्हातारीने पक्ष्याची मान वाकवून चोच बशीत बुडवली, आणि सगळा तंबू, कनातीच्या अलीकडचा नि पलीकडचा, एका आवाजात ओरडला, "शिवला! शिवला!"

आणि आई हसली.

आधी मला वाटलं उचकी लागली. मग पाहिलं तर पदराचा बोळा तोंडात कोंबून ती गदागदा हलत होती. हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी, पण ते हसण्याचं. शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. मयताच्या घरची बाई, वर्ष सरलं नाही, आणि अशी हसतेय! एकीने तर "अगं बाई" म्हणून गालावर बोट ठेवलं. मला लाज वाटायला हवी होती, किंवा आनंद तरी. मला काहीच वाटलं नाही. आईच्या पाठीवर हात ठेवावा, एवढं सुचलं, तेही उशिरा.

कनातीच्या पलीकडे अण्णा होते. त्यांना तिचं हसणं ऐकू आलं असणारच.

पुढे एकदा ती पडद्यावरची म्हातारी आजोबांजवळ खुर्ची ओढून बसली आणि काहीतरी हळू बोलली. भोंगेवाला म्हणाला, "सून इचारती, मामंजी, सांगून टाका एकदाचं. काय ऱ्हायलं तुमचं?" आजोबा लांबलचक बोलले. गडी अडला. भोंगा खाली केला, डोकं खाजवलं, पुन्हा तोंडाला लावला. "मामंजी म्हंत्यात, काय न्हाई गं सूनबाई. कालवणात मीठ कमी हाय."

तंबू पुन्हा खदखदला. आई ह्या वेळी हसली नाही. पुढे सरकून, मान उंचावून ती त्या म्हाताऱ्या भुताच्या ओठांकडे बघत होती. जणू त्याचं इंग्रजी तिला कळणार होतं.

घरी येताना आम्ही रस्त्याने एकामागोमाग चाललो होतो. आमच्या आळीच्या तोंडाशी आल्यावर आई थांबली. माझ्याकडे न बघता, मला मधे न घालता म्हणाली, "त्या साहेबाच्या घरात विचारलं की सांगतात तरी."

दहाव्यापासूनचं हे अण्णांशी बोललेलं पहिलं वाक्य. अण्णांनी कंदील ह्या हातातला त्या हातात घेतला. आणि चालू लागले. माझा संताप झाला, अगदी पायापासून वर आला. इतक्या महिन्यांत मला काही वाटलं असेल तर तेवढंच. बोला की! फक्त कचेरीतच तोंड उघडायचं असतं का? पण मी कसली बोलते त्यांना उलटून! गप चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. आई स्वयंपाकघराच्या दारात रेशनची ज्वारी निवडत बसली होती, निम्मी ज्वारी नि निम्मे खडे. मी समोर बसून तेच करत होते. अण्णा आले. उभेच राहिले. कोटाची गुंडी लावली, काढली. कचेरी नव्हती तरी कोट घातलेला.

"त्याचं काय राहिलं ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

आईची बोटं थांबली नाहीत. खडे एकीकडे, दाणे एकीकडे.

"शेवटच्या पहाटे तो शुद्धीवर आला. मला ओळखलंन. 'आईला बोलवा' म्हणाला. मी म्हटलं, अरे, ती किती रात्रींची जागी आहे, आत्ता कुठे पडलीय. उजाडलं की बोलावतो. पुन्हा म्हणाला, 'आईला बोलवा ना अण्णा.' मी त्याची समजूत घालत बसलो. मग 'बरं' म्हणाला." अण्णांनी भिंतीला हात टेकला. "उजाडलंच नाही गं. घाटावर मी सगळं कबूल केलं. पण हे कसं कबूल करू? काय देऊ म्हणून सांगू त्या कावळ्याला? म्हणून तुला 'शिवला' म्हटलं."

मला वाटलं, आता आई ताट भिरकावेल. त्यांच्या अंगावर धावून जाईल, निदान हंबरडा तरी फोडेल. फोडायलाच हवा होता. मी सुपाची कड घट्ट धरून बसले.

आईने हातातला खडा बाजूला टाकला.

"मी जागीच होते," ती म्हणाली. "पलीकडच्या खोलीत पडून होते नुसती. तुमचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मला वाटलं, इतक्या महिन्यांनी बापलेक बोलताहेत. म्हटलं, बोलू देत. आपण मधे जायला नको."

अण्णा खाली बसले, तिथेच उंबऱ्याशी, कोटासकट.

"म्हणून नाही उठले हो," आई म्हणाली.