म्हशीचा डबा

लहान मुलाला “मोठा झालास की कळेल” असं कधीही न सांगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. तो मास्तर नव्हता की कीर्तनकार नव्हता. एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर होता. अवसरी बुद्रुकला आमच्या शेताला लागून त्यांचं दोन एकर रान, मधे नुसता बांध. जुन्नरच्या गाडीवर उभा जन्म काढल्यामुळे हा गृहस्थ घरी आला तरी गाडीतून काही उतरला नव्हता. जुन्या बाजारातून आणलेला तिकिटाचा पंच कायम खिशात, आणि विचार करायचा झाला की तो टकटक वाजवायचा. लग्नाच्या पंगतीत “पुढं सरका राव, मधी जागा हाय” म्हणत ते सगळ्यांना दाटीनं बसवायचे. एकदा मयताच्या घरीही त्यांच्या तोंडून तेच निघून गेलं, आणि रडणारी माणसं निमूट पुढं सरकली. “डबल बेल” म्हटल्याशिवाय त्यांची बैलगाडी जागची हलत नसे. माझ्या यजमानांनी एकदा ती हाकायला घेतली तर बैल उभेच राहिले.

मे महिन्याच्या सुट्टीत गावची पोरं त्यांच्या बांधावरच्या बाभळीखाली जमायची. “एका टायमाला एकच इचारा,” असा कंडक्टरांचा दंडक. माझी मनू तेव्हा दुसरीत होती आणि सगळ्यांत जास्त प्रश्न तिचेच. “आजोबा, तुमच्याकडं गणपती का बसत नाही?” कंडक्टर बौद्ध. दुसरा कुणी असता तर विषय बदलता. यांनी पंच वाजवला आणि सांगितलं, “माझ्या आज्याला देवळाची पायरी चढू देत न्हवते. मग छप्पन साली माझ्या बापानं ठरवलं, तिथं जायाचंच न्हाई. आमी बुद्धाचं झालो.” मनूनं पुढचं विचारलं, “मग बुद्धाला नवस बोलला की पास करतो का?” “न्हाई गं. बुद्ध देव न्हाई, मानूस व्हता. अभ्यास तुलाच करावा लागंल.” मनूनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग आमचाच देव बरा.” या उत्तरावर कंडक्टर आठ दिवस खूश होते. पेठच्या फाट्यापर्यंत भेटेल त्याला थांबवून ते सांगत होते.

वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे बुद्धजयंतीला, ते स्वतः कडीच्या डब्यातून खीर घेऊन आमच्या दारात यायचे. सासूबाई हसून म्हणायच्या, “ठेवा तिथं ओट्यावर.” ते वळले की सासूबाई माझ्याकडं नुसतं बघायच्या. मी डबा उचलून गोठ्यात जायची आणि खीर म्हशीच्या आंबोणात ओतायची. मग डबा राखेनं घासायचा, मोकळा परत करू नये म्हणून मूठभर साखर घालायची आणि धाडून द्यायचा. लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी मी हेच करत होते. मला वाईट वाटायचं, पण ओतताना हात कधी थांबला नाही.

त्या वर्षी मनू माझ्यामागं गोठ्यात आली होती, ते मला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी बांधाकडेला घास कापत होते आणि बाभळीखाली कंडक्टरांनी तिला विचारलं, “काय बाळ, खीर कशी झाल्ती?” मनू मनापासून म्हणाली, “म्हशीला लई आवडली. सगळी चाटून खाल्ली.” माझ्या हातातला विळा तसाच राहिला. पंच वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मग कंडक्टर म्हणाले, “म्हशीला आवडली म्हंजी चांगलीच झाली असनार. म्हैस काय खोटं बोलत न्हाई.” पण मनू थोडीच सोडणार! “पण आजोबा, आम्ही का नाही खाल्ली?” प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या त्या माणसानं पहिल्यांदाच हात वर केले. “ह्ये तिकीट माझ्याकडं न्हाई, बाळ. तुझ्या आयकडं हाय.” मनू धावत माझ्याकडं आली आणि तेच विचारलं. मी म्हणाले, “उन्हात फिरू नकोस, घरी जा.”

पुढच्या वर्षी बुद्धजयंतीला कंडक्टर दोन डबे घेऊन आले. ओट्यावर मांडून म्हणाले, “ह्यो म्हशीचा, ह्यो मनूचा.” आवाजात टोमणा नव्हता, गाडीत जागा लावून द्यावी तसं म्हणाले. मनू तिथंच पायरीवर बसून खायला लागली आणि सासूबाई आत निघून गेल्या. त्या क्षणी मी दुसऱ्या डब्यात बोट जरी बुडवलं असतं तरी पुष्कळ होतं. मी तो उचलला आणि गोठ्यात गेले. नाव घेऊन दिलाय ना म्हशीचा, असं स्वतःला समजावलं. पुढं कितीतरी वर्षं दोन डबे येत राहिले.

सासूबाई गेल्या. गोठ्याचं काम होईना म्हणून एका दिवाळीनंतर म्हैसही विकली. मनात ठरवलं होतं, यंदा तो डबा आपला, त्यांच्यासमोर बसून खायचा. पण पौर्णिमेच्या महिनाभर आधीच कंडक्टर गेले. मनू तेव्हा पुण्याला कॉलेजात होती. ती आली, त्यांच्या घरी बसून आली आणि रात्री जेवताना मला म्हणाली, “आई, आपण का नाही खाल्ली ते तू अजून सांगितलं नाहीस.” मी सांगितलं. त्यांच्या हातचं आपल्यात खात नव्हते, एवढंच कारण होतं. “आणि तो दुसरा डबा?” तेही सांगितलं. ती ताटावरून उठली आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

पौर्णिमेला मी खीर केली, आमच्या कडीच्या डब्यात भरली आणि आयुष्यात पहिल्यांदा बांध ओलांडून त्यांच्या दारात गेले. त्यांची सून बाहेर आली. चांगलं बोलली, मनूची चौकशी केली. डब्याकडं बघून म्हणाली, “ठेवा तिथं ओट्यावर.”

चौथ्या दिवशी डबा परत आला. राखेनं लखलखीत घासलेला, आत मूठभर साखर. खीर कुणी खाल्ली का, हे विचारायला माझं तोंड उघडलं नाही. कंडक्टर वर्षानुवर्षं आमच्या ओट्यावरून रिकाम्या हातांनी परत जाताना काय विचार करत असतील, ते आता मला थोडं कळतं. ती साखर मी अजून चहात घातलेली नाही.