बुडणाऱ्या गावाची पाहणी

आम्ही धरणाच्या सर्व्हेतले जुने लोक एखाद्या लग्नात भेटलो, की पंगत उठेपर्यंत किस्से थांबत नाहीत. धरण झालं नाही, किस्से मात्र ढीगभर झाले! पहिल्या एक-दोन किश्शांना सगळे हसतात. पुढं हसणारे कमी होत जातात.

माझं काम दुभाष्याचं. शाळा तेलुगू, घर मराठी, म्हणून आदिलाबादच्या कॅम्प ऑफिसनं मला धरलं. नदीवर वीज काढायचं धरण व्हायचं होतं. त्यानं जंगलाचं, गावांचं काय नुकसान होईल, याची पाहणी आमच्या टीमकडं. काठावरचं बोरीघाट हे मराठी गाव अख्खं पाण्यात जाणार होतं.

* * *

झाडांची पाहणी करायला हैदराबादहून बॉटनीच्या मॅडम आल्या. मे महिना. रान करपलेलं, खाली नुसती कुसळं. मॅडम मोठ्या साहेबांना म्हणाल्या, "सर, पावसाळ्यात परत यावं लागेल. आत्ता काहीच दिसत नाही."

साहेब म्हणाले, "पावसाळ्यात तिकडं जीप जात नाही, मॅडम."

रिपोर्टात आलं, परिसरात दुर्मिळ वनस्पती नाहीत! मॅडमनी सही करायला नकार दिला. पुढच्या वेळी जीपमधून दुसरेच सर उतरले.

* * *

बोरीघाटात पहिली बैठक मारुतीच्या पारावर झाली. साहेब तेलुगूत मेगावॅट, टर्बाइन असं बरंच बोलले, मी मराठीत सांगत गेलो. शेवटी म्हणाले, "वीज आली की अंधार राहणार नाही."

मागून अनसूयाबाई नावाची म्हातारी उठली. "बापू, आमच्या गावात अजून खांब नाई. आता येईन काय लाइट?"

मी विचारलं. साहेब म्हणाले, "गावच राहणार नाही, तर खांब कशाला?"

हे मराठीत सांगायचं माझ्या जिवावर आलं. सांगितलं.

"मंग अंधार कोणाचा जाईन?" म्हातारीनं विचारलं.

मी तेही तेलुगूत केलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "नेक्स्ट!"

* * *

पाणी कुठवर चढेल ते कळावं म्हणून आमची माणसं चुना मारलेले दगड रोवत गेली. गावाच्या अगदी वरच्या टोकाचा एक दगड नेमका गणपत पाटलाच्या गोठ्याच्या दारात आला. त्याच आठवड्यात त्याच्या पोराला बघायला यवतमाळकडचे पाहुणे आले. मुलीच्या बापानं दगड पाहिला, कशाचा म्हणून विचारलं. गणपतनं खरं सांगितलं.

पाहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पाटील, पोरगी नदीतच ढकलाची असती, तर एवढ्या दूर काऊन आलो असतो?"

दुसऱ्या दिवशी गणपत ऑफिसात हजर. "सायेब, तेवढा दगड जरा सरकवा न."

साहेब म्हणाले, "दगड सरकवतो हो, पाणी कसं सरकवू?"

त्या पोराचं लग्न काही झालं नाही.

* * *

मग जिल्ह्याच्या ठिकाणी जनसुनावणी लागली. हॉल गच्च. धरणाच्या विरोधात बोलायला गणपत पाटील उभा. बाजूनं बोलायला कोण? त्याचा सख्खा भाऊ नामदेव! तो सासऱ्याच्या शेतीवर धरणाच्या खालच्या अंगाला राहायचा, आणि वीज काढून सुटलेलं पाणी तिथं कालव्यानं येणार होतं.

अध्यक्षांनी बजावलं, "इथं फक्त पर्यावरणावर बोलायचं."

गणपतनं मला विचारलं, "पर्यावरण म्हंजे काय, भाऊ?"

मी म्हणालो, "आपल्या आजूबाजूचं सगळं."

त्यानं नामदेवकडं बोट केलं. "मंग हा बी त्याच्यात येते काय?"

हॉल हसला. नामदेव उठून बाहेर गेला. संध्याकाळी स्टँडवर दोघं भाऊ एकमेकांकडं पाठ करून बसलेले मी पाहिले. ते पुन्हा कधी बोलले नाहीत. आई गेली तेव्हाही नाही.

* * *

वाद कोर्टात गेला, दोन राज्यांत गेला, नवीन पाहण्या झाल्या. तोवर बोरीघाट कागदावर बुडालेलंच! बुडीत गावाला रस्ता नाही, विहीर नाही. शाळेचं छप्पर पडलं तेव्हा मेश्राम गुरुजी दरख्वास्त घेऊन आले. ऑफिसनं सांगितलं, "बुडीत क्षेत्रात बांधकाम मंजूर होत नाही."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "सायेब, धरणाच्या आधी पाऊस येते न!"

पावसाळ्यात शाळा बंद झाली. त्यांची बदली बाजारहत्नूरला झाली. मग पोरांसाठी एकेक घर उठू लागलं. कोणी आदिलाबादजवळ मावल्याला, कोणी मंचेरियलला कोळशाच्या खाणीकडं.

* * *

शेवटी धरण रद्द झालं. बोरीघाटला कळवायला मलाच पाठवलं. वाटेत मनाशी म्हणत होतो, आज तरी चांगली बातमी नेतोय.

भर दुपारी पोचलो. दारोदार कुलपं. पारावर एकटा रामा कोतवाल विडी ओढत बसलेला. म्हटलं, "रामा, धरण रद्द झालं!"

त्यानं विडी विझवली. मग म्हणाला, "सरकारी हुकूम आहे न?"

"हो."

"मंग दवंडी द्या लागते."

घरात जाऊन त्यानं डफडं आणलं, डोक्याला पटका बांधला.

"अरे, ऐकायला आहे कोण? काऊन वाजवून राह्यला?"

तो तसाच चालू लागला. पहिल्या कुलपापुढं उभा राहिला, डफड्यावर काठी मारली आणि ओरडला, "ऐका हो ऐका! धरण रद्द झालं हो! गाव बुडत नाई!"

थोडा थांबला. मग पुढच्या दाराशी गेला.