जुंपून पाहिलेलं मशीन

"चालू कर म्हणते ना! दोन्ही चालू कर!"

कांताअक्का नगरच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात ओरडत होती आणि एसीच्या गारव्यातही दुकानदाराला घाम फुटला होता. अक्काचा आवाज म्हणजे… सुप्याच्या एका कारखान्याचा भोंगा बिघडला, तेव्हा पाळी बदलायला तिलाच बोलवायचं घाटत होतं म्हणतात. म्हणतात म्हणजे, मीच म्हणतो. टेबलावर दोन मशीनं होती. एक स्वस्तातलं ३८६ मॉडेल, बुटकी आडवी पेटी. दुसरं ४८६, उभं, दणकट आणि जवळजवळ दीडपट महाग. "बाई, तुमच्या टायपिंगला हे छोटंच पुरे," दुकानदार म्हणाला. "माझ्या कामाला काय पुरतं ते तू ठरवनार व्हय? आमच्या कोल्हारला बैलसुद्धा जुंपून बघितल्याबिगर घेत न्हाईत. जुंप!"

त्या अक्काला जाऊन परवा पाच आठवडे झाले. केडगावच्या शोकसभेत वक्त्यांनी तिला 'शांत, सोशिक, मनमिळाऊ' म्हटलं. मी मागच्या रांगेत दचकून आजूबाजूला पाहिलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला तर आलो नाही? सोशिक असती तर ती त्या दुकानात गेलीच नसती.

तिची-माझी ओळखच भांडणातली. मी एका छापखान्यात कंपोझिटर होतो, शिशाचे खिळे जुळवून मजकूर लावणारा. तिच्या धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका माझ्या हाती आली. मजकुरात स्वच्छ लिहिलं होतं, 'बौद्ध पद्धतीने मंगल परिणय'. आणि माझ्या हातांनी, वीस वर्षांच्या सवयीनं, वर गणपतीचा ठसा बसवून टाकला! सगळ्या पत्रिका तशाच छापून गेल्या. अक्का तो गठ्ठा घेऊन अशी चढून आली की छापखान्याच्या तीन पायऱ्यांपैकी दोनच उरल्या. "ओ खिळेवाले, लगीन कुनाचं हाय?" मी मान खाली घातली. मालक म्हणाले, "बुद्धाचा ठसा आमच्याकडे नाही हो. वरची जागा कोरी सोडून परत छापून देतो." "कोरी?" अक्का म्हणाली, "आमच्या डोक्यावर काय कोनच न्हाई व्हय?"

 

त्याच दिवशी तिनं ठरवलं, आपल्या लोकांच्या पत्रिका आपणच करायच्या, वर आपलं चित्र घालून. नवरा वारल्यावर केडगावात ती टायपिंगचा क्लास चालवायची. सहा टाइपरायटरांवर ती आणि लेक सुजाता जगत होत्या. अक्कानं सहाच्या सहा विकले. आता मशीन चुकीचं निघालं तर पत्रिकाही नाहीत आणि क्लासही नाही. सगळी वाडी म्हणाली, टायपिंगवालीला एवढं मोठं मशीन कशाला? खोटं कशाला बोलू, मीही म्हणालो होतो, "अक्का, छोटंच घे." त्यावर पापाची फेड म्हणून मला दुकानात सोबत नेलं गेलं.

तर, दुकानदारानं दोन्ही मशीनं चालू केली. अक्कानं पिशवीतून जेवणाचा स्टीलचा डबा काढला. मला वाटलं, भाकरी खाऊन भांडणार. डब्यात निघाली फ्लॉपी! तिच्यात भावानं काढलेलं चित्र, बोधिवृक्षाखाली बसलेले बुद्ध, झाडाचं पान न् पान वेगळं. पुण्यातल्या ओळखीच्या माणसाकडून तिनं ते फ्लॉपीवर उतरवून आणलं होतं. छोटं मशीन वरून एकेक फांदी दाखवू लागलं. फांदी… थांबलं… फांदी… मी बाहेर पडलो, सुप्याला जाऊन चहा पिऊन आलो. बरं, कोपऱ्यापर्यंत गेलो. परत आलो तर बुद्धांच्या कपाळापर्यंतही चित्र पोचलं नव्हतं, आणि तिथंच मशीननं मान टाकली. मोठ्या मशीननं मात्र, मी सुपारी चघळून संपवायच्या आत, अख्खं झाड, बुद्ध आणि खाली वधूवरांची नावं मांडून दिली.

"पण बाई, असलं चित्र रोज थोडंच लागतं?" दुकानदारानं शेवटचा डाव टाकला.

"रोज लागनार. लगनं रोज व्हत्यात." अक्कानं मोठ्या मशीनच्या पाठीवर थाप मारली. बैल ठरल्यावर मारतात तशी.

पहिली पत्रिका तिनं मलाच आणून दिली. "ठसा बघून घ्या, खिळेवाले." पुढं जिल्ह्यात कुठल्याही गावी बौद्ध लग्नाला जा, पत्रिकेवर तेच झाड! कावळेसुद्धा फसून बसायला यायचे.

परवा केडगावला गेलो. खोली तशीच. मशीनवर अक्काच्या जुन्या लुगड्याचं शिवलेलं झाकण, शेजारी तो डबा. सुजाता बसली होती. तेवढ्यात तोच दुकानदार आला, भेटायला म्हणून, पण खिशात नव्या मॉडेलांचा कागद. "ताई, हे आता फार जुनं झालं. बदलावं लागेल. तुम्ही आता एकट्या. तुमच्यापुरतं छोटं मॉडेल देतो, टायपिंगला पुरेल."

मी सवयीनं कानावर हात नेले. पण लेकीचा आवाज आईचा नाही. तिनं डबा उघडून आतली फ्लॉपी पाहिली, झाकण घट्ट लावलं.

"मंगळवारी येते," ती म्हणाली. "चित्र घेऊन."